मनोऱ्यावरची झाडे

गेल्या वर्षी लेकीकडे युरोपात गेले होते, तेव्हा तिने मला इटलीतील लुक्का हे तटबंदीचे जुने शहर दाखविले. तेथील ग्विनीजी घराण्याच्या मनोऱ्यावर मी चढले. पायऱ्या सुमारे २३०! निम्म्या वाटेतच दम लागला. पण वर पोहोचताच सारा शीण गेला. जवळजवळ ४५ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या माथ्यावर चक्क ओकची झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीत माणसे विसावतात.

हा मनोरा चौदाव्या शतकातला, ग्विनीजींच्या राहत्या वाड्याचाच भाग. हे घराणे रेशमाच्या व्यापाऱ्यांचे व सावकारांचे. त्या काळी तेथील शहरांत घराण्याघराण्यांत वैर असे. संकटात आसरा मिळावा आणि आपला दिमाख गावभर दिसावा, म्हणून श्रीमंत लोक असे मनोरे बांधीत. अशा उंच घरांत स्वयंपाकघर पुष्कळदा सर्वांत वरच्या मजल्यावर असे. आग लागलीच तर खालचे घर वाचावे, धूर वरच्या वर जावा, हा हेतू. हेतू उत्तम, परंतु लाकूडफाटा वर कोण वाहून नेत असेल, हे आपणा बायकांना सांगावयास नकोच.

या घराण्यातील पाओलो १४०० साली शहराचा सत्ताधीश झाला. १४०३ साली त्याने इलारिया देल कारेत्तो हिच्याशी विवाह केला. १४०५ च्या डिसेंबरात, मुलीला जन्म दिल्यावर, ती वारली. याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने घडविलेली तिची संगमरवरी समाधी तेथील मुख्य चर्चमध्ये आहे. ती शांत निजलेली, पायाशी तिचा कुत्रा. पाहताना माझे डोळे भरून आले.

१४३० साली पाओलोची सत्ता गेली. १४३२ साली तो कैदेत मरण पावला. पुढे वारसांनी मनोरा शहराच्या स्वाधीन केला. एका कुटुंबाच्या अभिमानाची ती वास्तू आज तिकीट काढून येणाऱ्या कोणाचीही गच्ची झाली आहे.

उतरताना मनात आले, इलारियाचे नाव संगमरवराने राखले. पण त्या पायऱ्यांवरून रोज ओझी वाहणाऱ्या बायकांचे नाव कोणी राखले? भगिनींनो, आपल्या मंडळाच्या जागेतही कोणी झाडले, कोणी पाणी भरले, कोणी सतरंज्या घातल्या. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी त्यांचीही नावे छापली जावीत, एवढीच माझी विनंती.