सहायक साधने (बुटीबोरी परिसर)

सहायक साधने : म्हातारपण, आजार, अपघात किंवा जन्मापासूनचे व्यंग यांमुळे चालणे, उठणे-बसणे, ऐकणे, पाहणे, अंघोळ, संडास ही रोजची कामे जड झालेल्या माणसाला ती होता होईल तितकी आपली आपण करता यावीत म्हणून वापरायच्या वस्तू, यंत्रे आणि घरादारात केलेले फेरबदल. काठी, चष्मा, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, कानाचे मशीन, कृत्रिम पाय, पांढरी काठी, बोलणारा मोबाईल हे सगळे यात येते. न्हाणीच्या भिंतीला ठोकलेला पाइपसुद्धा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा ५० साधनांची प्राधान्ययादी काढली. संघटनेच्या आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २५० कोटी माणसांना यांपैकी किमान एका साधनाची गरज आहे. साधन मिळणे आणि साधन उपयोगी पडणे यांत मोठे अंतर असते. बुटीबोरीसारख्या गावाच्या बाबतीत हे अंतरच सर्वांत महत्त्वाचे असल्यामुळे नोंदीचा भर त्यावर आहे.

बुटीबोरी हे नागपूरच्या दक्षिणेस सुमारे २८ किमी. वर, वर्धा मार्गावरचे गाव. येथे एमआयडीसीची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. धागा, टायर, पोलाद, यंत्रभाग यांचे कारखाने आहेत. नगरपरिषद अलीकडची. एका बाजूला तीन पाळ्यांत चालणारे कारखाने, दुसऱ्या बाजूला कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी खेडी, आणि दोन्हींच्या मध्ये कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, अशी वस्ती आहे. त्यामुळे साधनांची गरजही अनेक वाटांनी येते. गुडघे झिजलेले म्हातारेकोतारे सगळीकडेच आहेत. पोलिओ झालेली पिढी आता पन्नाशी-साठीत पोचली आहे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, म्हणजे रोग गेला, पण पायाला आधाराचे कॅलिपर लावून आयुष्य काढलेल्यांचे खांदे आणि मनगटे आता थकत आहेत. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी होतो आणि ऐन पंचविशीतल्या मुलाच्या हाती कुबडी येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत सिकलसेल आला, ही विदर्भासाठी मोठी गोष्ट होती. कारखान्यात बोट किंवा हात गमावलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून कृत्रिम अवयव मिळू शकतो. मात्र त्याची नोंद विम्यात झालेली असली पाहिजे.

पूर्व विदर्भात काठीचा आणखी एक इतिहास आहे. लाखोळीची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पायांना लुळेपणा येतो. वैद्यकशास्त्राने या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरूनच मोजल्या : काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी जमिनीवर सरपटणारा. साधन हेच रोगाचे माप झाल्याचे हे विरळ उदाहरण होय.

काठी हे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीचे वापरले जाणारे साधन आहे. गावातली पुरुषाची बांबूची काठी कमरेच्या वर जाते. ती कुत्रे हाकलायला, ढोरे वळवायला, चिखलाचा अंदाज घ्यायला उत्तम, पण तिच्यावर अंगाचा भार टाकता येत नाही. आधाराच्या काठीचे माप असे घेतात : रोजची चप्पल घालून सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकते, १५ ते ३० अंश. काठी उंच असली तर खांदा वर चढतो, बुटकी असली तर पाठ वाकते. ॲल्युमिनियमच्या काठीला खाली भोके आणि बटण असते, त्यामुळे ती कमी-जास्त करता येते. हे बटण ज्यांनी कधी दाबलेच नाही अशा काठ्या घरोघर दिसतात. दुसरी चूक हाताची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकली की भार दोघांत वाटला जातो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून लंगडत जाणारी माणसे बाजाराच्या दिवशी उभे राहून मोजावीत इतकी असतात, आणि ही चूक सुधारायला पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी थांबून सांगावे लागते.

काठीच्या टोकाला रबरी टोपी असते. ती गुळगुळीत झाली की फरशीवर काठी सटकते. खुब्याच्या मोडीचे एक साधे कारण या काही रुपयांच्या रबरात असते. टोपीच्या तळाच्या खाचा बोटाने लागेनाशा झाल्या की ती बदलावी.

तीन किंवा चार पायांची काठी स्वतःच्या पायावर उभी राहते, म्हणून पक्षाघातातून उठलेल्यांना ती देतात. तिचे सर्व पाय एकदम टेकले तरच आधार मिळतो. सारवलेल्या, उंचसखल अंगणात किंवा पावसाळ्यात काळ्या मातीत एक पाय रुततो आणि काठीच माणसाला पाडते. अशा घरात साधी एकटोकी काठी अधिक सुरक्षित. वॉकर सपाट फरशीवर उत्तम चालतो, पण उंबरठ्यापाशी तो उचलून पलीकडे ठेवावा लागतो, आणि जिच्या हातात तेवढे बळ नाही तिच्यासाठी तो उंबरठाच घराची सीमा होतो. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा लहानसा उतार काढला की हे संपते. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

साधन नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण लाज हे आहे. ‘काठी घेतली म्हंजे म्हातारा झालो ना बाप्पा’ हे वाक्य या भागात पुरुष हमखास बोलतो. बायका ते बोलत नाहीत. त्या भिंतीला, खाटेला, सुनेच्या खांद्याला धरून चालतात आणि काठी दाराआड ठेवतात. पडल्यानंतर घेतलेली काठी आणि पडण्याआधी घेतलेली काठी यांत वर्षांचे अंतर पडू शकते.

व्हीलचेअर नेहमीची घडीची असली तर तिची रुंदी सुमारे ६५ सेंमी. असते. लहान घरांच्या न्हाणी-संडासाचे दार पुष्कळदा दोन फुटांचे, म्हणजे ६० सेंमी. असते. त्यामुळे खुर्ची मिळाल्यावर माणूस ओसरीपर्यंत फिरतो आणि जिथे जाणे सर्वांत गरजेचे तिथे त्याला उचलून न्यावे लागते. उताराचेही तसेच. चांगल्या उताराचे प्रमाण १:१२ धरतात. दीड फूट उंच जोते असेल तर १८ फूट लांब उतार हवा. तेवढे अंगण नसते, म्हणून चार फुटांचा खडा उतार बांधला जातो. त्यावरून खुर्ची एकट्याने चढत नाही, आणि उतरताना कोणी मागून धरले नाही तर माणूस तोंडावर पडतो. जागा नसेल तर उतार वळवून दोन तुकड्यांत बांधावा. पाठीच्या कण्याला इजा झालेल्याला आणखी एक धोका असतो. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे एका जागी बसून जखम होते आणि ती कळत नाही. म्हणून खुर्चीइतकीच गादी महत्त्वाची. दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलण्याची सवय त्याहून महत्त्वाची. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर राहून १९८४ पासून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करत आल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे.

संडासाचा प्रश्न घरात मोठ्याने बोलला जात नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा स्वाभिमान तिथेच टिकतो किंवा जातो. भारतीय बैठकीवर उकिडवे बसता येईनासे झाले की माणूस पाणी पिणे कमी करतो, आणि नागपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकते. यावर कमोड-खुर्ची हा उपाय. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून बैठकीवर ठेवण्याची घरगुती तोडही दिसते. ती वाईट नाही, पण अशा खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. लोखंडी घडवंची करून पायांना रबर लावले तर तीच गोष्ट पक्की होते. भिंतीतला पाइप वापरणाऱ्याच्या हाताला येईल अशा उंचीवर आणि भिंतीत पक्का रोवलेला हवा. टॉवेल टांगायची दांडी आधार म्हणून धरू नये, ती अंगाच्या भाराने उपटून येते.

कानाचे मशीन : ऐकू कमी येणे दिसत नाही, म्हणून त्याला साधन उशिरा मिळते, तोवर म्हाताऱ्या माणसाला घरात ‘समजत नाही’ असे ठरवून झालेले असते. मशीन कानामागे बसते, नळीतून आवाज कानातल्या साच्यात येतो. साचा त्याच कानाचा घेतलेला नसेल तर फटीतून आवाज बाहेर पडून पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टीला कंटाळून मशीन डबीत जाते. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, गाड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाटतो, कारण मेंदूला त्यांची सवय सुटलेली असते. सुरुवातीला शांत खोलीत, एका माणसाशी, तासभर लावावे आणि मग वेळ वाढवावा. बारीक गोल बॅटरी हवेवर चालते. तिच्या पाठीवरचा रंगीत कागद काढला की हवा आत शिरते आणि ती उतरायला लागते. कागद परत चिकटवून ती वाचत नाही. कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवावी. घामाने आणि पावसाळी ओलीने मशीन बिघडते, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवतात.

पाहण्यासाठी चष्म्यानंतर पांढरी काठी. आयआयटी दिल्लीत घडलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये बाजारात आली. ती ध्वनिलहरींनी तीन मीटरपर्यंतचा, गुडघ्याच्या वरचा अडथळा ओळखून मुठीत थरथरते. लोंबती फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग साध्या काठीला कळत नाही, ते हिला कळते. ट्रकांनी भरलेल्या औद्योगिक वसाहतीत या गुणाला किंमत आहे. मोबाईल पडद्यावरचे मराठी वाचून दाखवतो. नोट ओळखणारे ‘मनी’ हे रिझर्व्ह बँकेचे ॲप १ जानेवारी २०२० रोजी आले आणि ते इंटरनेटशिवाय चालते.

पायांसाठी या भागाला जवळचा वारसा आहे, तो कुष्ठसेवेचा. बुटीबोरीला रस्ता फुटतो : एक वर्ध्याला जातो, जिथे दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये महारोगी सेवेचे काम सुरू केले, दुसरा जामवरून वरोऱ्याकडे, बाबा आमटे यांच्या आनंदवनाकडे. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. काटा, खिळा, तापलेला रस्ता काहीच कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. त्यावर मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल निघाली. पायाचा दाब ती सगळीकडे पसरवते. तीच चप्पल आज मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही चालते, पण कुष्ठाच्या नावाला भिऊन ती घेतली जात नाही, हे दुःखदायक आहे. कृत्रिम पायांत जयपूर फूट सर्वांना माहीत आहे. तो १९६८ च्या सुमारास जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. रबराचा असल्याने तो अनवाणी चालतो, चिखलात चालतो, मांडी घालू देतो, उकिडवे बसू देतो. निंदणाला बसणाऱ्या शेतकरी बाईला याचे मोल कोणत्याही महागड्या परदेशी पायापेक्षा जास्त आहे.

साधने मिळण्याच्या मुख्य सरकारी वाटा तीन आहेत. केंद्राची ‘ॲडिप’ योजना १९८१ पासून दिव्यांगांसाठी आहे. ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ २०१७ पासून ६० वर्षांवरील गरीब ज्येष्ठांसाठी आहे. या योजनेची साधने कानपूरचे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम (एलिम्को, स्थापना १९७२) पुरवते. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपुरात या दोन्ही योजनांचे मोठे वाटप झाले. राज्याची ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ २०२४ ची. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात एकदा ३,००० रुपये जमा होतात आणि साधन स्वतः विकत घ्यायचे असते. माप घेऊन, हाताळून निवडता येते ही या योजनेची जमेची बाजू. त्या रकमेत बरे कानाचे मशीन येत नाही ही उणी बाजू. केंद्राच्या योजनांच्या वाटप-शिबिराचे उलटे आहे : मशीन फुकट मिळते, पण दोन महिन्यांनी शिट्टी वाजू लागली तर शिबिर गेलेले असते. तेव्हा नागपूरच्या संयुक्त क्षेत्रीय पुनर्वसन केंद्रात किंवा ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जावे लागते, म्हणजे सोबत येणाऱ्याची एक दिवसाची मजुरीही जाते.

याखेरीज नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. कारखान्यांच्या शेजारच्या ग्रामपंचायतींना कर मिळतो, त्यामुळे येथे ही रक्कम इतर खेड्यांपेक्षा मोठी होऊ शकते. ती वर्षातून एकदा सारखी वाटून टाकण्याऐवजी उतार, पाइप आणि दुरुस्तीवर खर्च झाली तर गावात ती दिसेल. खापरीपर्यंत धावणाऱ्या नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यातला एक फाटा मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक क्षेत्रापर्यंत आहे. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट असते, अंधांना पायाने कळणाऱ्या उठावाच्या फरशा असतात. स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता मात्र नगरपरिषदेचा.

दुरुस्तीच्या बाबतीत बुटीबोरी नशीबवान म्हणावी लागेल. हातांनी चालवायच्या तीनचाकी सायकलची मोठी चाके साध्या सायकलसारखीच असतात. ट्यूब, साखळी, आरे सायकलवाल्याकडे मिळतात. व्हीलचेअरचा तुटलेला पायठेवा, वॉकरचा निखळलेला जोड, न्हाणीचा पाइप, कमोडची घडवंची ही सर्व वेल्डिंगवाल्याची कामे, आणि कारखान्यांमुळे असे कारागीर येथे पावलोपावली आहेत. ॲल्युमिनियमला वेगळे वेल्डिंग लागते, ते न येणाऱ्याने जोडलेला वॉकर भाराखाली उलगडतो, तेवढे विचारून घ्यावे. पुढची लहान चाके जाम झाली की व्हीलचेअर एका बाजूला ओढते. त्यांत बहुधा केस आणि दोरे गुंतलेले असतात. कात्रीने कापून काढले आणि आसाला तेलाचे दोन थेंब सोडले की खुर्ची पुन्हा सरळ चालते.