झाशीची वाट आणि नोंदीचा प्रश्न

१८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेतून उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या योजलेल्या यज्ञात भरघोस दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेतच बंडाचा वणवा पेटला आणि एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या लुटीत त्यांची कमाई गेली. मराठी वाचक ‘माझा प्रवास’कडे राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीची साक्ष म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथाच्या मुळाशी पोटासाठी काही काळ परमुलखात गेलेल्या माणसाची व्यथाही आहे. मिळवलेले घरी पोहोचेल, याची हमी त्याला कोणीच दिलेली नव्हती.

पुढे वाटेची दिशा पालटली. बुंदेलखंडातील अवर्षणाने गांजलेला मजूर मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर येऊ लागला. भटजींच्या गाठीला विद्या आणि जातीचा मान होता. या मजुराजवळ तोही नव्हता. त्याच्यासाठी संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. ठेकेदाराला परवाना, कामगाराला छायाचित्रासह पासबुक, विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, एवढेच नव्हे तर प्रवासातील दिवसांची मजुरीही त्यात होती. मात्र कायद्याची नजर ठेकेदाराच्या वहीपुरतीच होती. आपल्या पायांनी आलेला मजूर तिच्या कक्षेबाहेर राहिला. ठेकेदाराने आणलेलाही पुष्कळदा वहीत चढलाच नाही.

या उणिवेचे मोल मे २०२० मध्ये कळले. टाळेबंदीत महाराष्ट्र-गुजरातेतून परतणाऱ्या हजारो मजुरांना झाशीजवळच्या रक्सा सीमेवर अडवण्यात आले. बुडालेली मजुरी मागावी तर कोणाकडे? हाती कागद नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात, वाटेत मरण पावलेल्या स्थलांतरितांची माहिती ठेवलेली नाही, असे सरकारने लोकसभेत सांगितले.

२०२० च्या संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, स्वतःहून आलेल्या मजुरालाही व्याख्येत स्थान दिले. परंतु पूर्वी पाच कामगारांवर लागू होणाऱ्या तरतुदींची मर्यादा दहावर नेली आणि विस्थापन भत्ता गाळला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले गेले.

भटजींची कमाई बुडाली, तरी हकीगत उरली. १९०७ मध्ये ती छापून निघाली. रक्सा सीमेवरच्या मजुराला ग्रंथ लिहावा लागू नये. त्याच्या श्रमाची हकीगत पासबुकाच्या एका पानावर मावते. ते पान त्याच्या हाती पडणे, हाच संरक्षणाचा आरंभ होय.