काशीची पोथी आणि घरातील संगणक

काशी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट आणि विश्वेश्वराचे मंदिर उभे राहते. परंतु या नगरीशी महाराष्ट्राचे जे नाते जडले, ते केवळ यात्रेकरूचे नव्हे. ते पोथ्यांचेही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदातीरावरील कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठ पंडितांनी काशीत राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. टीका लिहावयाची, तर आधी मूळ पाठ ठरविला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते जमवून, ती एकमेकांशी ताडून, त्यांनी आपला पाठ सिद्ध केला. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा नीलकंठांचा पाठही इतर पाठांच्या रांगेत तपासणीस बसला आणि त्यातील कित्येक श्लोक तळटीपांत गेले. यात नीलकंठांचा अधिक्षेप नव्हता. पोथी उतरवून घेण्याची, ताडण्याची आणि सुधारण्याची मोकळीक होती, म्हणूनच त्यांचे काम झाले आणि त्यांच्यानंतरचेही झाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न संगणकाच्या बाबतीत उभा राहिला. संगणकाचा सारा कारभार चालविणारी जी मूळ आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तीही एक पोथीच होय. ही पोथी हळूहळू बंद होऊ लागली. पैसे देऊन ती वापरावी. पण उघडून पाहू नये, दुसऱ्यास उतरवून देऊ नये, असा दंडक पडला. त्याविरुद्ध १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९८९ साली त्यांनी एक परवाना सिद्ध केला. आज्ञावली चालवावी, अभ्यासावी, बदलावी आणि वाटावी. मात्र पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्यावी, असे त्याचे सार आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण घरच्या संगणकासाठी छंद म्हणून अशी एक आज्ञावली रचीत आहोत, असे जाहीर केले. तीच लिनक्स. तिच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत. १९९२ साली तिने स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला आणि वेदांच्या शाखा व्हाव्यात तशा तिच्याही शाखा झाल्या. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन आल्या. २००४ साली डेबियनमधून उबुंटू निघाली. या प्रत्येक शाखेला ‘डिस्ट्रिब्यूशन’, म्हणजे वितरण, असे म्हणतात.

असे एखादे नवे वितरण घरच्या संगणकावर बसविणे हे आज एका सायंकाळचे काम आहे. प्रथम त्याची प्रत इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाची. ती वाटेत बिघडली नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्यापासून काढलेली चौसष्ट चिन्हांची खूण मूळ खुणेशी ताडावयाची. काशीच्या वेदपाठशाळांत क्रम, जटा आणि घन या पाठांनी शब्दांची उलटसुलट गुंफण करून एकही अक्षर ढळू दिले जात नाही, हेतू तोच. मग ती प्रत पेनड्राइव्हवर लिहून संगणक त्यावरून सुरू करावयाचा. या अवस्थेत डिस्कवरील जुन्या व्यवस्थेला धक्का लागत नाही. पडदा, आवाज आणि छपाईयंत्र नीट चालतात की नाही, याची परीक्षा घेता येते. समाधान झाले तरच डिस्कवर जागा करून नवी व्यवस्था कायम करावयाची. तत्पूर्वी आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवणे मात्र अगत्याचे.

मराठी घरातील परीक्षा येथे संपत नाही. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द पडद्यावर नीट उमटतात का? नागरी लिपीला हक्काचे स्थान मिळावे म्हणून काशीतच १८९३ साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली होती. संगणकावर त्याच लिपीला शंभर वर्षांनी पुन्हा जागा मिळवावी लागली. १९९०च्या दशकात पुष्कळदा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून काम भागविले जाई. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असल्याने टंक हरवला की मजकूरही हरवे. उरे ती निरर्थक चिन्हांची रांग. १९९१ साली युनिकोडचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. तरी टंक हवेच होते. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक खुल्या परवान्याखाली दिले आणि पुण्यातील अभियंत्यांनी ते सांभाळले. पडद्यावरील सूचनांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी फावल्या वेळात केले. २००७ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण आणले.

या सी-डॅकची स्थापना १९८८ साली पुण्यात झाली. परदेशी महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली, म्हणजे लिनक्सच्या जन्मवर्षीच, ‘परम ८०००’ उभा केला. त्याच परंपरेतील ‘परम शिवाय’ हा महासंगणक फेब्रुवारी २०१९ मध्ये काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातील आयआयटीत सुरू झाला. सेकंदाला ८३३ लाख कोटी गणिते करण्याची त्याची क्षमता. आणि तो चालतो लिनक्सवर. हेलसिंकीतील एका खोलीत छंद म्हणून रचलेली पोथी अशा रीतीने काशीस पोहोचली.

मात्र परवाना मोकळीक देतो. ती वापरण्याचे कष्ट देऊ शकत नाही. नवे वितरण बसविताना खटकलेला मराठी शब्द कोणी कळविला, तर तो पुढच्या आवृत्तीत सुधारून जगभरच्या प्रतींत जातो. कोणीच कळविला नाही, तर चुकीचा पाठच रूढ होतो. नीलकंठांच्या हाती पोथ्या आल्या, हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे त्यांनी त्या उघडून, शेजारी शेजारी मांडून केले.