कोकण रेल्वे : प्रवासातील सुखावहता व सुरक्षितता

महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या राज्यांच्या किनारपट्टीतून रोहा (जि. रायगड) ते मंगळूरजवळील ठोकूर असा गेलेला रुंदमापी लोहमार्ग. लांबी सु. ७४० किमी. बांधकाम १९९० मध्ये सुरू झाले व १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. डोंगराळ मुलुखातून जात असूनही सपाट प्रदेशातील मार्गाप्रमाणे संथ व वेगवान प्रवास घडविणे, हे या मार्गाच्या आखणीचे मुख्य सूत्र होते. ते साधण्यासाठी डोंगर खोल खोदावे लागले आणि त्यामुळे धोक्याचे स्थान रुळांवरून रुळांलगतच्या उतारांकडे सरकले. या मार्गावरील सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः या उतारांचा इतिहास आहे.

भूरचना : रत्नागिरी शहराच्या पूर्वेस मुंबई–गोवा महामार्ग व रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता जेथे मिळतात, त्या हातखंबा गावाचा परिसर कोकणच्या भूरचनेचा नमुना म्हणून पाहता येतो. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे, त्यांना छेदणाऱ्या अरुंद व खोल दऱ्या आणि तळाशी पश्चिमेकडे वाहणाऱ्या आखूड नद्या व ओढे, असे येथील स्वरूप आहे. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या कोणत्याही मार्गाला हे सडे व दऱ्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. रस्ता घाटवळणे घेत चढतो व उतरतो; लोहमार्गाला तशी मुभा नसते. जांभ्याचा वरचा थर टणक असून त्याचे चिरे काढता येतात. मात्र त्याखाली अनेक ठिकाणी मऊ, फिकट रंगाच्या चिकणमातीचा थर असतो. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून या थरात मुरते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांतच पडतो.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोकणी माणसाचा मुंबईचा प्रवास प्रामुख्याने आगबोटींनी व नंतर एस. टी. गाड्यांनी होत असे. दोन्हींत हाल व जोखीम होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. कोकणात रेल्वे यावी यासाठी अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधू दंडवते आदींनी दीर्घकाळ प्रयत्न केले. दिवा–पनवेल मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापण्याचा निर्णय झाला. जुलै १९९० मध्ये महामंडळाची नोंदणी झाली व ई. श्रीधरन हे त्याचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. केंद्र शासनाबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही राज्येही त्यात भागधारक होती.

सुखावहतेची तत्त्वे : रुळांवरून जाणाऱ्या वाहनातील प्रवाशाला जाणवणारे हिसके व हेलकावे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतात : मार्गाचा चढउतार, वळणांची तीव्रता व रुळांच्या पृष्ठाचा सारखेपणा. या तिन्हींचे परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतात ते करमणुकीसाठी बांधलेल्या लाकडी उंचसखल मार्गावर, म्हणजे रोलर कोस्टरवर. या खेळाचे मूळ रेल्वेतच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक येथे १८२७ मध्ये कोळसा वाहण्यासाठी बांधलेला उताराचा लोहमार्ग पुढे सहलीच्या गाड्यांसाठी वापरात आला. १८८४ मध्ये लामार्कस टॉमसन याने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे लाकडी सांगाड्यावरील मार्ग सुरू केला; त्यावरील गाडीचा वेग ताशी सु. १० किमी. एवढाच होता.

पुढे वेग व उतार वाढले, तसा गाडी रुळांवरून उचलली जाण्याचा धोका निर्माण झाला. जॉन मिलर याने रुळाच्या खालच्या बाजूस टेकणाऱ्या चाकांची योजना केली व तिचे एकस्व १९१९ मध्ये घेतले. तेव्हापासून अशा गाडीला भार पेलणारी, बाजूने आधार देणारी व खालून रोखणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. गाडी वर उचलली जाऊ शकत नाही, म्हणून तीव्र चढउतारही धोक्याचे ठरत नाहीत. लाकडी मार्ग भाराखाली किंचित लवतो व कालांतराने झिजून ओबडधोबड होतो. त्यामुळे गाडी खडबडते व मार्गाच्या वरच्या फळ्या वेळोवेळी बदलाव्या लागतात.

आगगाडीला खालून रोखणारी चाके नसतात. तिला रुळांवर टिकवितात ते तिचे स्वतःचे वजन व चाकाच्या आतील बाजूची कड. म्हणून लोहमार्गावर सुखावहता व सुरक्षितता ही दोन्ही आखणीतूनच यावी लागतात. वळणावर केंद्रोत्सारी प्रेरणेने प्रवासी बाहेरच्या बाजूस ढकलला जातो. ४०० मी. त्रिज्येच्या वळणावरून ताशी १०० किमी. वेगाने गेल्यास ही प्रेरणा प्रवाशाच्या वजनाच्या सु. एकपंचमांश भरते, त्रिज्या १,२५० मी. असल्यास ती सु. एकसोळांश होते. बाहेरचा रूळ आतील रुळापेक्षा काहीसा उंच ठेवून उरलेली प्रेरणाही बऱ्याच अंशी नाहीशी करता येते.

आखणी : मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाट १८५६–६३ या काळात बांधला गेला. तेथे सर्वाधिक चढ ३७ मी. अंतरास १ मी. एवढा आहे. गाड्यांना मागून जोडएंजिन लागते व उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी अडविण्यासाठी वेगळे चढते फाटे ठेवलेले आहेत. तेथे धोका मार्गाच्या उतारातच होता आणि त्यावरील उपायही मार्गावरच योजावे लागले.

कोकण रेल्वेच्या आखणीत याच्या उलट धोरण स्वीकारण्यात आले. कमाल चढ १५० मी. अंतरास १ मी. व वळणांची त्रिज्या किमान सु. १,२५० मी. ठरविण्यात आली. मार्ग ताशी १६० किमी. वेग गृहीत धरून आखला गेला. सिमेंट काँक्रीटचे स्लीपर व जोडून लांब केलेले रूळ वापरल्याने चाकांचा खडखडाट कमी झाला. ही मानके डोंगराळ मुलुखात पाळायची, तर दरी आली की पूल व सडा आला की बोगदा किंवा खोल खोदाई, याखेरीज पर्याय नव्हता. मार्गावर ९० हून अधिक बोगदे असून त्यांची एकूण लांबी सु. ८४ किमी. भरते. लहानमोठे पूल सु. २,००० आहेत.

याचा प्रत्यय रत्नागिरीच्या दोन्ही बाजूंस येतो. उत्तरेस उक्षी व भोके या स्थानकांदरम्यानचा करबुडे बोगदा सु. ६.५ किमी. लांब असून तो पूर्ण झाला तेव्हा भारतातील सर्वांत लांब रेल्वे-बोगदा होता. दक्षिणेस, हातखंब्याच्या परिसरात, टिके येथे सु. ४ किमी. लांबीचा बोगदा आहे. रत्नागिरी व निवसर यांदरम्यान पानवल नदीच्या दरीवर ४२४ मी. लांबीचा उंच पूल आहे. त्याचा सर्वांत उंच खांब सु. ६४ मी. असून बांधला गेला तेव्हा तो देशातील सर्वांत उंच रेल्वे-पूल ठरला. पुलाचा वरचा भाग एका काठावर टप्प्याटप्प्याने ओतून जलदाबीय यंत्रांनी खांबांवरून पुढे सरकविण्यात आला. ही पद्धत भारतात येथे प्रथम वापरली गेली. रस्त्याने जाणारा प्रवासी जी दरी उतरून पुन्हा चढतो, ती गाडीतील प्रवासी जवळजवळ सपाटीने ओलांडतो.

दरडींचे संकट : बोगदे व पूल यांच्या बांधकामाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. त्यांमधील खोदायांचे महत्त्व मात्र पहिल्या काही पावसाळ्यांनी पटविले. खोदाईत मार्गाच्या दोन्ही अंगांना कापलेल्या डोंगराच्या भिंती उभ्या राहतात. उन्हाळ्यात त्या भक्कम दिसतात. पावसाळ्यात खालचा मातीचा थर भिजून मऊ होतो, वरच्या जांभ्याचा आधार सुटतो व दगडांसह माती रुळांवर येते. खोदाईत समोरची दृष्टी मर्यादित असते, आणि पोलादी रुळांवर पोलादी चाकांचे घर्षण कमी असल्याने वेगातील गाडी थांबण्यास शेकडो मीटर अंतर लागते. म्हणजे ज्या मोकळ्या, वळणरहित मार्गाने वेग व सुख दिले, त्याच मार्गावर अडथळा दिसल्यानंतर चालकाच्या हाती फारसे काही राहत नव्हते.

२२ जून २००३ रोजी रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतील विशेष गाडी वैभववाडी (जि. सिंधुदुर्ग) स्थानकाजवळ कोसळलेल्या दरडीवर आदळली व पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. एक वर्ष पुरे होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडी (जि. रायगड) जवळ अंबावली पुलापाशी रुळांवर आलेल्या दगडांवर आदळून मत्स्यगंधा एक्सप्रेसचे एंजिन व काही डबे पुलावरून खाली गेले, त्यातही प्रवासी दगावले. दोन्ही अपघातांत गाडी, रूळ वा पूल यांत दोष नव्हता. महामंडळाने याच सुमारास दोन गाड्यांची टक्कर टाळणारे उपग्रहाधारित उपकरण विकसित केले होते व ईशान्य सीमा रेल्वेवर त्याची चाचणीही झाली. तथापि येथील मुख्य शत्रू समोरून येणारी गाडी नसून बाजूचा डोंगर होता.

उपाययोजना : या अपघातांनंतर उतारांची सुरक्षितता हे महामंडळाचे स्वतंत्र व सततचे काम बनले. खोदायांच्या भिंती मागे घेऊन उतार सौम्य करणे, पायऱ्या काढणे, दगड अडविण्यासाठी पोलादी जाळ्या बसविणे, उतारात पोलादी गज रोवणे, पृष्ठावर सिमेंटचा फवारा मारणे, माथ्यावरून येणारे पाणी चरांवाटे बाहेर काढणे व माती धरून ठेवण्यासाठी वाळ्याची लागवड करणे, असे उपाय योजण्यात आले. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी गस्त व पहारा ठेवतात. पर्जन्यमापके, काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी दर्शविणारी साधने, तसेच पानवल, मांडवी, जुवारी व शरावती येथील पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी साधने बसविलेली आहेत.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र वेग कमी करणे हाच ठरला. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक लागू करण्यात येते. ते बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवण्यात आले. मुसळधार पावसात दृष्टी मंदावल्यास ताशी ४० किमी.हून अधिक वेगाने गाडी न चालविण्याच्या सूचना असतात. वेगवान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ताशी १०० किमी.ऐवजी ४० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा सु. एकषष्ठांश उरते व ती बऱ्याच कमी अंतरात थांबविता येते. गणपतीच्या सणाला गावी निघालेल्या चाकरमान्याला खटकणारा विलंब हा अशा रीतीने सुरक्षिततेचे मोल होय.

डबे व कर्षण : भारतात लाकडी बांधणीच्या डब्यांची जागा १९५५ पासून पेरांबूर येथील कारखान्यात बनणाऱ्या संपूर्ण पोलादी डब्यांनी घेतली. त्यानंतर २००० पासून जर्मन बनावटीच्या आराखड्याचे, चकती-ब्रेक असलेले व अपघातात एकमेकांवर न चढणाऱ्या जोडण्यांचे डबे प्रचारात आले. पुढे कोकणातील अनेक गाड्यांना ते लावण्यात आले. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याने विजेच्या एंजिनांनी जाणाऱ्या गाड्यांपुरता लांब बोगद्यांतील डीझेलच्या धुराचा त्रास संपला. २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत गाडी सुरू झाली.

मूल्यमापन : उतारांवरील कामे संपणारी नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे (गोवा) येथील बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळून गाड्या अन्य मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड येऊन वाहतूक सु. एक दिवस बंद राहिली. करमणुकीच्या लाकडी मार्गावर धोक्याचा केवळ भास निर्माण केलेला असतो व प्रत्यक्ष सुरक्षितता चाकांच्या रचनेत दडलेली असते. कोकण रेल्वेवर याच्या उलट स्थिती आहे : प्रवास निर्धोक व संथ भासतो, पण ती सुरक्षितता दर पावसाळ्यात नव्याने मिळवावी लागते. पानवलच्या पुलावरून प्रवासी स्वस्थपणे दरी न्याहाळू शकतो, यामागे अभियंत्यांच्या आखणीइतकाच भर पावसात रुळांवरून चालत जाणाऱ्या गस्तकऱ्यांचा वाटा आहे.