परडीतले फूल आणि फुलदाणीतले फूल

'फुलदाणी' या शब्दातले फूल आपले, पण त्याला जोडलेली 'दाणी' परकी आहे. पानदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी यांच्या पंगतीला ती फारसीच्या वाटेने येऊन बसली. मराठी घरातले फुलांचे जुने भांडे म्हणजे परडी, आणि परडीत देठाला काही काम नाही. जास्वंद, तगर, चाफा, मोगरा ही सारी फुले मानेपाशीच खुडायची. देवाच्या मस्तकावर आणि बायकांच्या अंबाड्यावर पिढ्यान् पिढ्या जी फुले चढली, ती बहुतेक बिनदेठाचीच.

फूल टिकवायचे कसे, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे निराळ्या तऱ्हेने पडला. देठ पाण्यात बुडवून फुलाला पाणी पाजावे ही एक रीत. देठच नसेल तर फुलात आहे तेवढे पाणी उडू देऊ नये ही दुसरी. आपल्या आज्या-पणज्यांची रीत ही दुसरी होती, आणि तीत त्या पारंगत होत्या. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी आणायच्या, केळीच्या पानात सैल गुंडाळायच्या, वरून घट्ट पिळलेले ओले फडके घालायचे आणि पुडके माठाच्या आडोशाला ठेवायचे. फडके ठिबकता कामा नये, कारण पाणी साचले की कळी काळी पडते. केळीचे पान स्वतः पाणी पीत नाही, आतला ओलावा मात्र आतच धरून ठेवते. यात शास्त्र आहे, फक्त ते कोणी शास्त्र म्हणून सांगितले नाही.

शिवाय गरज होती ती एका रात्रीची. शिळे फूल देवाला चालत नाही. तुळस आणि बेल यांना तेवढी सूट. तेव्हा पाच-सात दिवस फूल टवटवीत ठेवण्याचा खटाटोप करणार कोण, आणि कशासाठी? या धर्मनियमानेच फुलदाणीला आपल्या माजघरात फार काळ येऊ दिले नाही, असे मला वाटते.

ती आली कशी, हे पाहायला आमच्या शीवसारखी जागा नाही. शीव म्हणजे हद्द. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, इथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. त्याच्या अलीकडे इंग्रजांची मुंबई आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. वसई तर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी ती घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडेच होती. युरोपियांच्या गलबतांबरोबर अमेरिकेतून जे नाना जिन्नस हिंदुस्थानात उतरले, त्यांत मिरची होती, बटाटा होता आणि आपला झेंडूही होता. निशिगंधाचे मूळ घरही मेक्सिकोच. ज्या झेंडूवाचून आपला दसरा आणि दिवाळी अडते, तो देवगिरीच्या यादवांनी कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता, हे ऐकून घरातली वडील मंडळी रागावतात. पण इलाज नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हा वाटेत ती शीवला थांबली होती. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि वसईची वाडी मुंबईच्या दाराशी आली. आज पहाट फुटण्याआधी दादर स्टेशनाबाहेर जो फूलबाजार भरतो, त्यात वसईचा सोनचाफा आणि मोगरा अजून येतो.

फुलदाणीला जागा मिळाली ती मात्र प्लेगनंतर. १८९६ ची साथ झाली, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने दादर, माटुंगा, शीव या भागांत रुंद रस्ते आखले. तिथे पुढे इमारती उठल्या. हवेशीर बिऱ्हाड, गॅलरी, बाहेरची खोली, त्या खोलीत टेबल. आणि टेबल आले की त्यावर काहीतरी ठेवावेच लागते! याच वस्तीत तमिळ कुटुंबे आली, आणि त्यांच्याबरोबर केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेला घट्ट गजरा आला. तो दोरा भिजवलेला असतो, म्हणून फूल अधिक टिकते. ही पुन्हा बिनदेठाचीच विद्या.

देठाची विद्या अशी आहे. देठात बारीक नळ्या असतात. देठ कापताच नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून घरी आणल्यावर देठाचे टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीने पुन्हा तिरके कापावे. कात्रीने चेंगरू नये. दुसरा शत्रू पाण्यातले जंतू. ते नळ्या बुजवतात. म्हणून पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावी, पाणी रोज बदलावे आणि भांडे आतून घासावे. पाण्यात चमचाभर साखर घातली तर फुलाला अन्न मिळते, पण नुसत्या साखरेने जंतूंचीच दिवाळी होते. तिच्याबरोबर लिंबू पिळावे. निशिगंधाची खालची सुकलेली फुले काढीत गेले, तर वरच्या कळ्या उमलत राहतात.

तिसरा शत्रू दिसत नाही, आणि त्याची हकीकत आमच्या लालबागला येऊन भिडते. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. पुढे दगडी कोळशापासून हा गॅस काढण्याचा कारखाना लालबागेत होता, आणि गॅस कंपनी लेन हे नाव त्याची आठवण म्हणून उरले. युरोप-अमेरिकेत अशा दिव्यांच्या आसपास झाडांची पाने गळत, फुले मिटत. १९०१ साली नेल्युबॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने त्या गॅसमधला दोषी पकडला. त्याचे नाव एथिलीन. १९०८ साली शिकागोच्या क्रॉकर आणि नाइट यांनी कार्नेशनच्या फुलांवर त्याचा परिणाम दाखवून दिला. पुढे कळले की पिकलेली फळेही हाच वायू सोडतात. रस्त्यावरचे गॅसचे दिवे गेले. पण पिकल्या केळ्यांचा फणा आणि फुलदाणी एकाच टेबलावर ठेवण्याची हौस गेली नाही. गजऱ्याचा डबा फ्रिजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवणे हाही त्यातलाच प्रकार.

राहिला झेंडू. त्याच्या बाबतीत मात्र ओल्या फडक्याची आजीची युक्ती उलटते. बाजारातून आणलेली पिशवी तशीच बांधून ठेवली, तर फुलांचा ढीग आतून तापतो. हात घालून पाहा, ऊब लागेल. आणि वरून पाणी शिंपडले की पाकळ्या सडू लागतात. आणल्याबरोबर फुले सुपात किंवा वर्तमानपत्रावर एकेरी पसरावी, पंख्याखाली नव्हे, सावलीत. तोरण आदल्या रात्री ओवून मोकळ्या हवेत टांगून ठेवले, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते दारावर ताजे दिसते, आणि पाडव्यालाही उतरवावेसे वाटत नाही.