जड माल की हलका? ट्रकमालकाचे गणित

मुंबई - परळ-लालबागच्या पूर्वेला रे रोड, कॉटन ग्रीन हा बंदरालगतचा पट्टा. तेथील दारूखाना लोखंडी भंगारासाठी ओळखला जातो. स्वतःची गाडी स्वतःच चालविणाऱ्या ट्रकमालकापुढे प्रत्येक फेरीला प्रश्न असतो, माल जड घ्यावा की हलका?

जड मालाचे भाडे सहसा टनावर ठरते. लोखंडाने हौदा भरण्याआधीच वजनाची मर्यादा संपते. डिझेल, टायर व पाट्यांचा खर्च वाढतो. फोम किंवा रिकाम्या पिंपांनी हौदा भरतो, वजन मात्र भरत नाही. अशा वेळी भाडे टनाऐवजी पूर्ण गाडीवर ठरविणे हिताचे.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन केली. तीत गाडीचे वजनही येते. सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे दोन टन जादा भरल्यास २४ हजार रुपये. माल उतरविण्याचा खर्च वेगळा. शहरातल्या फेरीत दोन टनांचे भाडे त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी वजनकाट्याची पावती घ्यावी आणि परतीचे भाडे आधीच पाहावे.