बैल गेला नि झोपा केला : विमानतळावरच्या नियमांची कथा

भाईंदरहून अंधेरीकडे जाणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये कधी कधी विमानतळावर कामाला निघालेली माणसे दिसतात. कुणी तिकिटाच्या खिडकीवर बसणारा, कुणी सामान चढवणारा. मीरा-भाईंदरच्या या मंडळींना विचाराल, तर ती सांगतील, "नियम वरून येतो आणि शिव्या आम्ही खातो." ही तक्रार समजून घ्यायची, तर नियम कसे जन्मले ते पाहिले पाहिजे.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला नि झोपा केला. विमानांच्या बाबतीत ती अगदी लागू पडते. 10 सप्टेंबर 1976 रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग विमान पळवून लाहोरला नेले गेले. मग पांडे समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी 1978 मध्ये नागरी विमान सुरक्षा कार्यालय सुरू झाले. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने फुटले. 329 माणसे गेली. त्यानंतर, 1 एप्रिल 1987 पासून, हेच कार्यालय स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि 2000 सालापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. प्रत्येक पायरीखाली एकेक अनर्थ आहे!

आता 'कनिष्क'चीच गोष्ट घ्या. व्हँकुव्हरच्या खिडकीवर एका प्रवाशाने हट्ट धरला की, माझे पुढचे तिकीट पक्के नसले तरी बॅग थेट पुढच्या विमानात पाठवा. कामावरच्या बाईंनी आधी नकार दिला. पण मागे रांग वाढत होती, आणि शेवटी त्यांनी ऐकले. बॅग गेली, प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. पुढे टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्रही मध्येच बंद पडले. प्रवासी नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही, हा नियम नंतर सगळीकडे कडक झाला. म्हणून आज विमान उशिरा सुटले आणि कर्मचारी एखादी बॅग उतरवताना दिसले, तर त्यांच्यावर ओरडू नये.

पण झोपा बांधला म्हणजे चोर थांबला असे नाही. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत उभे असताना चार बंदूकधारी आत शिरले. अंगावर काय होते? विमानतळाच्या पहारेकऱ्यांचाच गणवेश! तिथे कामी आले ते नीरजा भनोत या तरुणीचे प्रसंगावधान. वैमानिकांना सावध केले गेले, तेव्हा ते निसटले आणि विमान जमिनीवरच राहिले. अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवायला तिने सहकाऱ्यांना लावले. प्रवाशांना बाहेर काढताना तिचा जीव गेला. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

दुसरीकडे, काही नियम गरज सरली तरी चिकटून राहतात. हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली. शिक्का नसला की दारावरचा कर्मचारी प्रवाशाला परत पाठवी आणि वर बोलणी खाई. 2017 च्या एप्रिलपासून मुंबईसह सात विमानतळांवर ती थांबली. बॅगा पूर्वीप्रमाणे यंत्रातून जातातच, शिक्का तेवढा गेला.

तेव्हा नियम नकोत असे कुणी म्हणू नये. मात्र जो दारावर उभा असतो, त्याला नियम करताना विचारले पाहिजे. रांग कुठे तुंबते, गडबडीत कुठली चूक होते, हे त्याला अनर्थाच्या आधीच दिसते. शिक्षकबंधूंनो, मुलांना एखादा नियम शिकवताना तो कोणत्या साली आणि कशामुळे आला, हेही सांगा. आणि आपल्या गावात नवा नियम करायची वेळ येईल, तेव्हा तो पाळून घेणाऱ्या शिपायाला, तलाठ्याला आधी बोलवा. बैल गोठ्यात आहे तोवरच झोपा बांधलेला बरा.